मी कुठे आहे?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज शनिवार मोकळा मिळाला. विषय तसा क्षुल्लक वाटेल: आपण कुठल्या डिरेक्टरीत राहतो हे स्क्रिप्टला कसं कळतं?

१९७९ साली बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात स्टीफन बोर्न यांचा शेल होता. या शेलमध्ये स्क्रिप्टला ‘डॉलर झिरो’ मिळतो, म्हणजे तिला ज्या नावाने हाक मारली ते नाव. नाव हं, पत्ता नव्हे! गोम इथेच आहे. कधी पूर्ण पाथ मिळतो, कधी अर्धाच, कधी नुसतंच नाव.

त्यात १९८३ मध्ये ४.२ बीएसडीने सिंबॉलिक लिंक आणल्या. आता स्क्रिप्ट राहते एका घरी, हाक येते दुसऱ्याच दारातून. मग लोकांनी उपाय काढले. जावावाल्यांनी सरळ ‘जावा होम’ सेट करायला सांगितलं. २००४ च्या बॅश ३ मध्ये ‘बॅश सोर्स’ आला. तरी बहुतेक जण जुनीच युक्ती वापरत राहिले: डॉलर झिरोतला शेवटच्या स्लॅशपुढचा भाग कापा, उरलेल्या डिरेक्टरीत सीडी करा आणि तो पाथ व्हेरिएबलमध्ये ठेवा.

आणि ही सीडी फसली तर? व्हेरिएबल रिकामा!

जानेवारी २०१५ मध्ये हेच उघडकीला आलं. लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये असाच काढलेला पाथ होता आणि त्याच्यापुढे स्लॅश, स्टार लावून ‘आरएम -आरएफ’. पाथ रिकामा झाला की उरतं काय? स्लॅश, स्टार. म्हणजे रूटपासून जे जे पुसायची त्या युजरला परवानगी, ते सगळं साफ. एकाची तर जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरची बॅकअपसुद्धा गेली. गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने त्या ओळीवर ‘स्केअरी!’ अशी कॉमेंट टाकून ठेवली होती. भीती वाटली होती, तपासणी मात्र राहिली.

बातमी वाचून मी आधी हसलो. मग सहज माझी जुनी अनइन्स्टॉल स्क्रिप्ट उघडली... तीच युक्ती, तोच आरएम. माझ्यावर वेळ आली नाही, एवढंच. कॉमेंटसुद्धा नव्हती!

व्हेरिएबलच्या नावापुढे कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह लावलं, की तो रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. दोन अक्षरं. त्या रात्री मी ती सगळीकडे लावत बसलो.

मंडळी, तुमच्याही जुन्या स्क्रिप्ट एकदा उघडून बघा. पुसण्याआधी आपण कुठे उभे आहोत, हे विचारलेलं बरं. असो, चहा गार झाला :-)