कुरूचं कोडं आणि गावाची आठवण

आज आपण जाणार आहोत पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत, 1957 साली.

तिथल्या फोरे लोकांत एक विचित्र आजार पसरला होता. आधी चालताना तोल जायचा, मग अंग थरथरायचं आणि साधारण वर्षभरात माणूस जायचा. नाव कुरू, म्हणजेच थरथर. मरणाऱ्यांत बहुतेक बायका आणि मुलं. लोक म्हणत, कुणीतरी करणी केलीय. व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक या डॉक्टरांनी हा आजार जगापुढे आणला. घराघरांत दिसतोय म्हटल्यावर अनेकांना तो आनुवंशिक वाटला.

आता माझा आवडता भाग. 1960च्या दशकात शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना साधा प्रश्न विचारला: हा आजार तुमच्या गावात आला कधी? आणि लोकांना ते चक्क आठवत होतं! कुरू जेमतेम काही दशकांचा होता. जीवघेणा आनुवंशिक दोष इतक्या झपाट्याने पसरत नाही. मग? फोरे लोक अंत्यविधी म्हणून, मायेपोटी, मृत नातलगाचं शरीर खात. मेंदू मुख्यतः बायका आणि मुलांच्या वाट्याला येई.

1966 साली प्रयोगातून सिद्ध झालं, रुग्णाच्या मेंदूतला अंश टोचला की चिंपांझीलाही कुरू होतो. पण ना जिवाणू सापडला, ना विषाणू. 1982 साली स्टॅन्ली प्रुसिनर म्हणाले, गुन्हेगार प्रथिनच आहे! त्याला नाव दिलं प्रायॉन. समजा, कपाटातल्या एका साडीची घडी चुकली आणि तिला लागून असलेल्या प्रत्येक साडीची घडी तशीच बिघडत गेली. तसंच हे. बिघडलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, पेशी मरतात. प्रुसिनरना 1997 साली नोबेल मिळालं.

अल्झायमर आणि पार्किन्सनमध्येही चुकीच्या घडीची प्रथिनं मेंदूत साचतात, फक्त ती प्रथिनं वेगळी. पण घाबरू नका, हे आजार शिवल्याने किंवा सेवा केल्याने होत नाहीत. घरात आजी विसरायला लागली असेल, तर बिनधास्त तिचा हात धरून बसा.

ती प्रथा 1960च्या आसपास थांबली. तरी काहींना 40हून जास्त वर्षांनी कुरू झाला. त्या लोकांना ‘रानटी’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मला वाटतं, कोड्याची किल्ली त्यांच्याच आठवणीत होती. कुणीतरी बसून ऐकलं, म्हणून ती सापडली.

भेटूया पुढच्या भागात!