लेझमीचे हुकूम

स्नेहसंमेलनाचे जेवण आटोपते, कुणीतरी लेझमींची पेटी उघडते, आणि ज्यांनी आयुष्यात लेझीम धरलेली नाही अशी मंडळी हळूच भिंतीकडे सरकू लागतात. त्यांत कुणाच्या सासूबाई असतात, कुणाचे मुंबईचे पाहुणे असतात. त्यांना खेळात आणण्याचा भार हलगीवाल्यावर नसतो. तो असतो हुकूम देणाऱ्यावर. बऱ्हाणपुरात शिक्षकी करीत असता हे काम वारंवार माझ्याकडे आले आणि त्या हुकमांच्या इतिहासाकडे मी ओढला गेलो.

‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘आगे पाँव’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’. खेळ मराठी मुलखाचा, पण त्याचे शब्द हिंदुस्थानी! आवाज आणि रुख तर थेट फारसीतले. खुद्द लेझीम हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे. फारसीत लेजम म्हणजे धनुर्विद्येच्या सरावाचे नरम धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले तसलेच धनुष्य आपल्या तालमींत व्यायामासाठी ओढले जाई. पुढे ते हलके झाले, साखळीत चकत्या आल्या आणि व्यायामाला ताल मिळाला. तालमीतला उस्ताद ज्या बोलीत शिकवी, ती बोली लेझमीला चिकटून राहिली.

बऱ्हाणपूरकरांना याचे नवल वाटू नये. फारुकी सुलतानांची ही खानदेशची राजधानी. राजा अली खान याने १५९० च्या सुमारास बांधविलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि मोगली दरबाराची भाषा तापीकाठी स्थिरावली. आजही येथील बाजारात मराठी, निमाडी, गुजराती आणि उर्दू एकाच दुकानात ऐकू येतात.

बडोद्याच्या प्रा. माणिकरावांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सांघिक व्यायामासाठी इंग्रजी कवायतीच्या हुकमांऐवजी देशी शब्द रूढ करण्याचा उद्योग आरंभिला. आपल्या व्यायाममंदिराला त्यांनी नाव दिले ते आपल्या मुसलमान गुरूचे, जुम्मादादांचे.

काही वर्षांपूर्वी एका संमेलनात हुकूम शुद्ध मराठीत द्यावेत असा आग्रह निघाला. ‘दो रुख’चे ‘दोन्ही दिशांना तोंड करा’ झाले. वाक्य पुरे होईतो हलगी पुढे निघून गेली, आणि निम्मी रांग पूर्वेकडे तर निम्मी पश्चिमेकडे पाहू लागली. मराठीचा अभिमान मलाही आहे. परंतु हुकूम चौथ्या ठोक्याच्या आत संपावा लागतो. दोन अक्षरी शब्दाची जागा वाक्याला घेता येत नाही.

अमेरिकेतही हेच घडलेले दिसते. इंग्रज लोकनृत्यसंग्राहक सेसिल शार्प यांनी १९१७ मध्ये केंटकीच्या डोंगरांत, पाइन माउंटन येथील शाळेत, एक समूहनृत्य पाहिले. नाचणाऱ्यांपैकी एक जण पुढची हालचाल मोठ्याने सांगे आणि बाकीचे तशी करीत. तेथील अशा नृत्यांतला ‘डो-सी-डो’ हा हुकूम म्हणजे ‘पाठीला पाठ’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा खेडवळ उच्चार. फ्रेंच भाषेचा गंध नसलेले शेतकरी तो शब्द ऐकून अचूक वळत. त्यांना अर्थाशी कर्तव्य नव्हते. ऐकू येताच पाय हलला म्हणजे झाले.

नवख्यांपुढे मी पहिली काही मिनिटे केवळ ‘चार आवाज’ देतो. त्यात पाय जागचे हलत नाहीत. चार ठोक्यांत लेझीम चारदा वाजते एवढेच. तिसऱ्या ठोक्याला पुढचा शब्द उच्चारावा, म्हणजे ऐकणाऱ्याला एक ठोका विचाराला मिळतो. मग ‘एक जगह’, मग ‘आगे पाँव’. ‘दो रुख’ शक्यतो शेवटी, कारण तोंड फिरले की हुकूम देणारा काहींच्या पाठीशी जातो आणि त्यांना केवळ कानांवर विसंबावे लागते. हलगीवाल्याला आधीच सांगून ठेवावे, की रांग चुकली तरी हात थांबवू नये. पुढच्या चार ठोक्यांत ती आपोआप सावरते. सासूबाईंची रांग तर बहुधा पाहुण्यांच्या आधी सावरते.