स्वयं (उपग्रह)

पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधील, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीओईपीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला लघुउपग्रह. आकार १० सेंमी. बाजूच्या घनाचा, वजन जेमतेम किलोभर. २२ जून २०१६ रोजी सकाळी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून २० उपग्रह एकदम नेले, त्यांत हा होता. त्यांतला मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७२७.५ किग्रॅ. वजनाचा, त्या वऱ्हाडात स्वयं म्हणजे कडेवरचे पोर. कक्षा सुमारे ५०५ किमी. उंचीवरची, ध्रुवांजवळून जाणारी. उपग्रहाचे काम २००८ मध्ये सुरू झाले होते, म्हणजे प्रक्षेपण होईपर्यंत आरंभीच्या तुकड्या पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

उपग्रहावर कॅमेरा नव्हता. हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, छोटे संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणे हे त्याचे काम ठरवले होते. खालून आलेला संदेश जवळ ठेवायचा आणि ज्याच्यासाठी असेल त्याचा प्रदेश पायाखाली आला की खाली सोडायचा. गावाकडची चिठ्ठी एसटीच्या चालकाच्या हाती द्यावी, तसाच हा प्रकार. तोंड एका दिशेला ठेवण्याची युक्तीही साधी होती. आत कायम चुंबक बसवले होते. होकायंत्राच्या सुईप्रमाणे उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळून राहावा आणि त्यासाठी वीज खर्चू नये, ही कल्पना. विद्यार्थ्यांच्या खऱ्या हुशारीचा भाग हाच, असे म्हणावेसे वाटते.

हॅमसाठीचा भारतीय उपग्रह यापूर्वीही होता. ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला हॅमसॅट ४२.५ किग्रॅ. वजनाचा होता, त्यावरच्या दोन प्रतिसादकांपैकी एक भारतीय, तर दुसरा नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्याने बनवलेला. त्यावरून थेट बोलता येई. बॅटरी निकामी झाल्याने २०१४ मध्ये तो थांबला. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद हे त्याचे काम; त्याचे संकेत टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांतही भूकेंद्रे उभारली गेली.

असे संकेत ऐकायला मोठी वेधशाळा लागत नाही; नंदुरबारसारख्या ठिकाणाहूनही ते ऐकता येतात. नंदुरबार आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३२० किमी. अंतर आहे. ५०५ किमी. उंचीवरून उपग्रहाला चहूबाजूंना सुमारे २,४५० किमी. प्रदेश दिसतो, म्हणून पुण्यावरची फेरी (हॅमच्या भाषेत ‘पास’) नंदुरबारकरांच्या वाट्यालाही बहुधा येते. डोक्यावरून जाणारा पास साडेअकरा मिनिटांचा. हातात धरायची यागी अँटेना, रेडिओ आणि उपग्रह कधी कुठून उगवणार हे सांगणारी ताजी कक्षामाहिती एवढ्यावर भागते. ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत उपग्रह जवळ येताना सुमारे १० किलोहर्ट्झने वर सरकतो, दूर जाताना तेवढाच खाली. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीची शिट्टी फलाटावरून ऐकणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. रेडिओचे बटण मात्र सतत फिरवावे लागते. एवढ्याशा उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती वॅटभर किंवा त्याहून कमी असते, तेव्हा अँटेना थोडी चुकली तरी कानी नुसती खरखर येते.

संदेश पाठवायचा तर परवाना हवा. परीक्षा घेऊन तो केंद्राच्या दळणवळण मंत्रालयाकडून दिला जातो; मिळणारे संकेतनाम व्हीयू२ किंवा व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होते.

नंदुरबार जिल्ह्यात अडचण भूगोलाची आहे. तापीकाठच्या सपाट शहादा-नंदुरबार भागात क्षितिज बऱ्यापैकी मोकळे, पण अक्राणी-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या दऱ्यांत कडे आड येतात. चहूकडे क्षितिज १० अंशांनी वर उचलले गेले, तर साडेअकरा मिनिटांचा पास साडेसातवर येतो आणि क्षितिजालगतचे पास तर ऐकूच येत नाहीत. म्हणून खोऱ्यातल्या वस्तीपेक्षा सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे तोरणमाळचे पठार बरे.