फ्रीमेसनरीतील प्रतीके, रूपककथा आणि सत्यशोध : मुंबई इलाख्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

फ्रीमेसनरी हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडतो तो बहुधा गूढतेचे वलय घेऊनच. हिंदुस्थानात मेसन मंडळींच्या सभागृहाला ‘जादूघर’ म्हणत. लाहोरच्या लॉजचे सभासद असलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीतही हा शब्द येतो. आपल्याकडील इतिहासलेखनात या संस्थेची दखल एक तर गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब म्हणून घेतली जाते, अथवा कटकारस्थानाचा अड्डा म्हणून. प्रतीकांच्या द्वारे नीती शिकविणारी परंपरा म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात ही प्रतीके काय सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईत त्यांचा कस कसा लागला, याचा विचार केला आहे.

गवंड्याची हत्यारे

मध्ययुगीन युरोपातील पाथरवटांच्या संघटनांशी नाते सांगणाऱ्या या संस्थेची संघटित सुरुवात १७१७ मध्ये लंडनच्या ग्रँड लॉजपासून मानली जाते. (अलीकडील काही संशोधक हा काळ १७२१ पर्यंत पुढे आणतात.) १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी तिची घटना छापली. धर्मयुद्धांनी पोळलेल्या समाजात भिन्न पंथांच्या माणसांना एका छताखाली बसता यावे, हा त्या घटनेतील धर्मविषयक कलमाचा रोख होता. म्हणूनच लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवरील वादास मनाई असे.

पाथरवट गेले आणि त्यांची हत्यारे मागे राहिली. गुण्या म्हणजे आचरणातील सरळपणा, कर्कटक म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य. पाणसळ समतेचे प्रतीक ठरली, कारण लॉजमध्ये सरदार आणि कारकून एकाच पातळीवर येतात अशी कल्पना होती. नवा सभासद हा खाणीतून काढलेला ओबडधोबड दगड. त्याने स्वतःला घडवून बांधकामात चपखल बसणारा चिरा व्हावयाचे. दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर मंदिर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. चुन्यावाचून दगडावर दगड बसवावयाचा तर प्रत्येक दगड आधी नीट घडलेला असावा लागतो.

हिरामची कथा आणि हरवलेला शब्द

शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्यांपैकी तिसरीच्या केंद्रस्थानी एक रूपककथा आहे. सॉलोमन राजाच्या मंदिराचा मुख्य शिल्पी हिराम अबिफ याला तीन कारागीर अडवितात आणि उस्तादाचा गुप्त शब्द मागतात. तो देत नाही व मारला जातो. त्याच्याबरोबर खरा शब्दही हरवतो. पुढील पिढ्यांच्या हाती उरतो तो केवळ एक पर्यायी शब्द. बायबलमध्ये हिराम नावाचा कारागीर आहे, पण त्याच्या खुनाची ही कथा तेथे नाही. ती इतिहास म्हणून वाचणे व्यर्थ होय.

या कथेतील मर्माची गोष्ट अशी की, सर्वोच्च पदवी मिळालेल्या सभासदालाही सत्य दिले जात नाही. ते हरवले आहे एवढेच सांगितले जाते. पहिल्या दीक्षेत डोळ्यांवरची पट्टी काढून उमेदवाराला प्रकाशात आणले जाते आणि शेवटी त्याला कळते की शोध संपलेला नाही.

वऱ्हाडातील वाचकाला येथे महानुभाव पंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. केसोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टांत आहेत आणि सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक अशी त्याची रचना आहे. त्यातील हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत प्रत्येकाच्या हाती सत्याचा एकेक तुकडाच लागतो हे दाखवितो. हिरामकथेचे हे जवळचे नातलग म्हणावे लागेल, जरी दोन्ही परंपरांचा परस्परांशी काहीही संबंध नसला तरी. मात्र चक्रधरांनी हे दृष्टांत लोकभाषेत, चालताबोलता सांगितले. ग्रंथांना सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांचे कुलूप लागले ते नंतर. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा विद्वानांना आत लीळा व दृष्टांतच आढळले. तोवर शतकानुशतके पंथाविषयी गैरसमजांचे रान माजले होते. गुप्ततेने ग्रंथ राखले खरे. परंतु त्यांचे मोल पंथीयांना आपल्या प्रतिष्ठेने चुकवावे लागले.

मुंबईतील कसोटी

पाणसळीचा अर्थ मुंबईत खऱ्या अर्थाने पणाला लागला. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाने मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मागितला असता तो नाकारण्यात आला. युरोपात गेल्यावर पॅरिस येथे त्याला दीक्षा मिळाली. विश्वबंधुत्वाची भाषा करणाऱ्या संस्थेला आपल्याच दारात हे उत्तर द्यावे लागावे, ही विसंगती काही सभासदांनाही बोचली असली पाहिजे. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या वतीने पश्चिम हिंदुस्थानचे प्रमुख असलेले डॉ. जेम्स बर्न्स यांनी १५ डिसेंबर १८४३ रोजी खास एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापिले. माणेकजी त्याचे एक आधारस्तंभ झाले. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा, जीवनजी जमशेदजी मोदी यांसारखे पारशी पंडित मेसन झाले. प्रकाश, शुचिता आणि सत्य या झरथुष्ट्री कल्पनांमुळे त्यांना ही प्रतीके परकी वाटली नसावीत.

हिंदूंचा प्रश्न अधिक बिकट ठरला. एकाच परमेश्वरावर श्रद्धा ही प्रवेशाची अट. मूर्तिपूजक ती कशी पुरी करणार, असा आक्षेप घेतला जाई. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना अनेक वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले. स्त्रियांना तर दार बंदच होते. १९०२ मध्ये ॲनी बेझंट यांनी लंडनमध्ये स्त्री-पुरुषांच्या संयुक्त लॉजचा आरंभ केला, तो मूळ संस्थेने मान्य केला नाही. तेव्हा पाणसळ भिंतीवर टांगली असली तरी बांधकाम तिच्याप्रमाणे चालत होते असे म्हणता येत नाही.

बंद दार आणि उघडा हौद

रायझिंग स्टार सुरू झाल्यानंतर सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, त्याच मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्यामागे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर होते. ही सभा म्हणजे मेसनरीची नक्कल नव्हे. तिची मुळे १८४४ च्या सुरतेच्या मानवधर्म सभेत आहेत. पण घाट ओळखीचा आहे. गुप्त बैठका, दीक्षा, प्रतिज्ञा आणि एक प्रतीकात्मक कृती या गोष्टी येथेही होत्या. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे. लॉजमधील हिरामचा मृत्यू नाट्यरूप होता. येथे घोटभर पाण्याने माणूस खरोखरच जातीबाहेर पडू शकत होता. हा फरक लहान नाही. त्यामुळे त्यांच्या गुप्ततेला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक पूर्णतः सहमत होऊ शकत नाही.

तथापि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेली कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा विखुरली. तिच्यातील काही मंडळी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या रूपाने उघडपणे एकत्र आली. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तेच पाणी, तोच अर्थ. मात्र येथे ना शपथ होती, ना पहारेकरी, आणि हौदावर कोण आले, कोण प्याले, हे साऱ्या पेठेला दिसत होते. पाच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, त्यांनी जो समाज स्थापन केला त्याचे नावच त्यांनी सत्यशोधक ठेवले.