आसनावरचे वस्त्र

योगाभ्यासाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पद्मासन आणि सिद्धासन यांच्या भेदांचा, प्राणायामाच्या मात्रांचा आणि मुद्राबंधांच्या परंपरेचा जो सूक्ष्म विचार केला आहे, त्याच्या अल्पांशानेही साधकाच्या देहाखालच्या बैठकीचा विचार केलेला नाही. आणि त्या बैठकीला मळ, ओल, कसर व परस्पर्श यांपासून राखणारे जे वस्त्र, जी खोळ, जी गवसणी, तिचा तर नामोल्लेखही आपल्या व्यायामविषयक वाङ्मयात क्वचितच आढळतो. आज पहाटेच्या वेळी शहरातील रस्त्यांवर खांद्याला लांबट पिशवी अडकवून योगवर्गाला निघालेली माणसे दिसतात, त्या पिशवीत रबराची गुंडाळलेली मॅट असते, आणि पाहणाऱ्याला हा सारा प्रकार कालपरवा परदेशातून आलेला वाटतो. मॅट परदेशातून आली हे खरे. परंतु बैठकीवर आच्छादन घालण्याची, ती गुंडाळून जपण्याची आणि स्वतःपुरती राखण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिचा माग काढीत गेल्यास आपण भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायापाशी जाऊन पोचतो.

त्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात शुद्ध स्थळी, फार उंच नाही व फार नीच नाही असे, स्थिर आसन मांडण्यास सांगून त्याच्या तीन द्रव्यांचा निर्देश केला आहे: वस्त्र, मृगाजिन आणि दर्भ. श्लोकातील क्रम हाच मांडणीचा क्रम मानावा की काय, हा प्रश्न भाष्यकारांपुढे उभा राहिला, आणि शंकराचार्यांनी असा निर्णय दिला की क्रम उलटा घ्यावयाचा, म्हणजे भूमीवर आधी दर्भ, त्यावर अजिन आणि सर्वांच्या वर वस्त्र. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत मात्र हीच तीन द्रव्ये निराळ्या रीतीने रचलेली दिसतात. तेथे तळाशी न मोडलेले, कोवळे, सारख्या लांबीचे दर्भांकुर आहेत, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी आहे आणि वर स्वच्छ मृगचर्म आहे. शिवाय आसन उंच झाले तर अंग डोलेल आणि नीच झाले तर भूमीचा दोष बाधेल, हेही ज्ञानेश्वर एखाद्या अनुभवी कारागिराच्या दक्षतेने बजावतात.

हा भेद मला किरकोळ वाटत नाही. वस्त्र सर्वांत वर असेल, तर ते साधकाच्या घामापासून कातड्याचे रक्षण करते, आणि मळले म्हणजे एकटेच काढून धुता येते; तेच वस्त्र मध्ये असेल, तर ते खालून येणाऱ्या ओलीपासून आणि दर्भाच्या टोचणीपासून कातडे राखते, व माणसाचा स्पर्श थेट अजिनाला होऊ देते. एका मांडणीत आसनाचे माणसापासून आणि दुसरीत आसनाचे भूमीपासून रक्षण होते. पुढे सातशे वर्षे या देशात योगाच्या बैठकीवर व बैठकीखाली जी जी आच्छादने आली, त्यांची विभागणी या दोन हेतूंच्या आधारे करता येते, आणि ज्या प्रदेशात चार महिने पाऊस कोसळतो व सारवलेली जमीन ओल धरते, तेथल्या भाष्यकाराने दुसऱ्या हेतूकडे अधिक लक्ष द्यावे, यात मला तरी मोठे औचित्य दिसते.

कातडे धुता येत नाही, हे या प्रकरणातील मूळ दुखणे होय. पाणी लागले की ते आखडते, केस झडू लागतात, आणि पावसाळ्यात त्यास कसर व बुरशी लागते. दर्भाचे तसे नाही. तो दरसाल नवा मिळतो. श्रावणातील अमावास्येला, जिला आपण पिठोरी म्हणतो, विधिपूर्वक उपटलेला दर्भ वर्षभर चालतो असा संकेत असल्यामुळे दर्भासन जीर्ण झाले तर त्याचा शोक करण्याचे कारण उरत नाही. याला जोड आपल्या सोवळ्याओवळ्याच्या आचाराची मिळाली. लोकर आणि रेशीम यांना स्पर्शदोष लागत नाही, सुती वस्त्राला मात्र लागतो आणि ते धुऊन वाळवून घ्यावे लागते, हा धर्मशास्त्राचा दंडक घराघरांत पाळला जात असल्याने जुन्या कुटुंबांत सोवळ्याची धाबळी खुंटीवर निराळी असे आणि जपाचे आसन गुंडाळून उंच फळीवर ठेवलेले असे. दुसऱ्याच्या आसनावर बसू नये, आपले दुसऱ्यास देऊ नये, हा नियम मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळे. त्या आचारातील स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेने माणसामाणसांत ज्या भिंती उभारल्या त्यांचे समर्थन आज कोणी करू नये, आणि मीही करीत नाही. परंतु एका साधकाचे एक आसन, या नियमाने वस्तू जपण्याची जी सवय लावली, तिची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

हठयोगाच्या ग्रंथांत बैठकीचे पर्याय वाढत गेले. घेरण्डसंहितेच्या पाचव्या उपदेशात प्राणायामासाठी कुशासन, मृगाजिन, व्याघ्राजिन, कांबळे किंवा नुसती जमीन, असे विकल्प सांगितले आहेत. यांतील व्याघ्राजिन राजेरजवाड्यांच्या आणि मठाधिपतींच्या वाट्याचे. मृगाजिनाचा मान सार्वत्रिक होता. मनुस्मृतीने काळवीट जेथे स्वभावतः विहार करतो तो देश यज्ञाला योग्य ठरवला आहे, आणि आजही मुंजीत बटूच्या अंगावर अजिनाचा लहानसा तुकडा बांधण्याची चाल कित्येक घरांत टिकून आहे. फिरत्या नाथपंथी जोग्याला मात्र यापेक्षा कंथा आणि झोळी अधिक उपयोगाची होती. तीच त्याची बैठक, तेच पांघरूण आणि तीच वस्तू ठेवण्याची पिशवी. ज्याची बैठक रोज नव्या गावी मांडली जाते त्याला वेगळी गवसणी बाळगणे परवडत नाही.

आसनाखेरीज योगाची इतर उपकरणेही होती. व्यासभाष्यात आसनांची नावे देताना आधारासह बसण्याचा जो प्रकार येतो, त्याचा अर्थ वाचस्पतिमिश्रांनी योगपट्ट घेऊन बसणे असा लावला आहे. कमरेभोवती आणि गुडघ्यांभोवती आवळलेला हा पट्टा हंपी येथील इसवी सन १५२८ च्या प्रचंड नरसिंहमूर्तीत पाहावयास मिळतो. काखेत धरावयाची कुबडी आपणांस समर्थ रामदासांच्या चित्रांमुळे परिचित आहे. परंतु या सर्वांत केवळ आच्छादन म्हणूनच निर्माण झालेली एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे गोमुखी. जपमाळ व जप करणारा हात दोन्ही झाकले जावेत, मणी किती सरले हे इतरांस दिसू नये, आणि माळ भूमीला लागू नये, अशा तिहेरी हेतूने शिवलेली ही काटकोनी पिशवी पुष्कळदा लाल बनातीची असे. बनात आणि सकलाद हे युरोपातील विणकरांचे कापड. समुद्रमार्गे बंदरांत उतरून मराठी मुलखात आले, दरबारात मिरवले, आणि त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून पेठेतल्या शिंप्याने देवघरासाठी गोमुख्या बेतल्या. परकीय कापडाला इतके निःशंकपणे सोवळ्यात घेतले गेले, याचे कारण ते लोकरीचे होते.

बैठकी जपण्याची कला मोठ्या प्रमाणावर जर कोठे वाढली असेल, तर ती राज्यकारभारात. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत फरासखान्याचे नाव येते. डेरे, राहुट्या, कनाती, गालिचे, सतरंज्या, जाजमे, लोड आणि तक्के यांची बिछायत करणे, उठवणे, झाडणे, घड्या घालणे आणि कोठीत राखणे हे त्या खात्याचे काम, व ते करणारा तो फरास. पुण्यात फरासखाना हे नाव आज पोलीस चौकीमुळे लोकांच्या तोंडी आहे. ज्या कारभारात कागददेखील रुमालांत बांधून ठेवले जात आणि पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे ते रुमाल अजूनही मोजता येतात, त्या कारभारात गालिच्याला गवसणी आणि तक्क्याला अभ्रा असणे ही सहज गोष्ट होती. तंबोऱ्याला गवसणी, पोथीला बासन, तलवारीला म्यान, उशीला अभ्रा: वस्तूचा मान तिच्या वेष्टनावरून ओळखण्याची ही दृष्टी दरबारातून वाड्यांत आणि वाड्यांतून सामान्य घरांत उतरली, असे मला वाटते.

सामान्य घरात बैठकीचे काम मुख्यतः घोंगडीने केले, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. धनगरांनी पाळलेल्या दख्खनी मेंढ्यांची काळी राठ लोकर, तिचे घरी काढलेले सूत, आणि संगर समाजाच्या विणकरांचा जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, यांतून ही वस्तू निर्माण होते. सुताला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि टोचरी असते; वापराने ती निवळत जाते. पावसात डोक्यावरून तिची खोळ घेतली की गुराख्याचे अंग बराच वेळ कोरडे राहते, थंडीत तीच पांघरूण होते, आणि चौघडी करून जमिनीवर टाकली की ओल वर येऊ देत नाही. घेरण्डसंहितेत कांबळ्याचा जो विकल्प आहे तो मराठी मुलखात या घोंगडीने पुरा केला. वर धुतलेले पंचे किंवा धोतराची घडी टाकली की शंकराचार्यांचा क्रमही साधला. मृगाजिन ज्यांना लाभणे शक्य नव्हते अशा असंख्य अभ्यासकांची साधना या दोन वस्त्रांवर झाली, आणि योगाच्या इतिहासात राजांची व आचार्यांची नावे लिहिताना धनगर आणि संगर यांनाही जागा द्यावी, अशी माझी मनापासूनची धारणा आहे.

विसाव्या शतकात योग मठीतून वर्गात आला. १९१८ मध्ये श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोवा येथे योग इन्स्टिट्यूट सुरू केली, १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभली, आणि १९३७ मध्ये तरुण बी. के. एस. अय्यंगार पुण्यास शिकवण्यासाठी येऊन कायमचे पुणेकर झाले. एकाने एकांतात करावयाची गोष्ट अनेक जण एका दालनात करू लागताच बैठकीचा प्रश्नच पालटला. सतरंजी सर्वांची झाली, आणि तिच्यावर घालावयाची चादर ज्याची त्याने घरून आणावयाची, असा सोयीस्कर तोडगा निघाला. सोलापुरी चादर, जिला पुढे भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, ती या कामी फार उपयोगी पडली. जाड, धुण्यास सोपी, आणि काखेत मावेल अशी तिची घडी होते.

अय्यंगारांनी उपकरणांचा संसार जितका वाढवला तितका दुसऱ्या कोणी वाढवला नसेल. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, कांबळी आणि लोड यांच्या साहाय्याने वृद्धांना, रोग्यांना व अंग न वळणाऱ्यांनाही आसन साधावे, हा त्यांचा ध्यास होता. १९७५ मध्ये उघडलेल्या त्यांच्या पुण्यातील रमामणी अय्यंगार स्मारक संस्थेत कांबळ्याच्या घडीला स्वतंत्र शिस्त आहे. कडा जुळल्या नाहीत तर छातीला मिळणारा आधार वाकडा होतो. ज्या लोडावर टेकून वाड्यातले कारभारी हिशेब पाहत, तोच लोड येथे पाठीखाली गेला, आणि त्याची काढून धुता येणारी खोळ त्याच्याबरोबर गेली.

तेवढ्यात अजिनाचा काळ संपला. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार व त्याच्या कातड्याचा व्यापार यांना बंदी झाली, आणि ज्या आसनाभोवती अडीच सहस्र वर्षांचा आचार गुंफला होता ते बाजारातून नाहीसे झाले. ही बंदी सर्वथा योग्य होती. ध्यानासाठी प्राण्याचा जीव जावा हे अहिंसेला पहिला यम मानणाऱ्या शास्त्राला शोभणारे नव्हतेच.

रबरी मॅटचा उगम एका अडचणीत आहे. अय्यंगारांच्या शिष्या अँजेला फार्मर यांच्या हातापायांना शस्त्रक्रियेमुळे घाम येत नसे, त्यामुळे उभ्या आसनांत पाय घसरत. जर्मनीत शिकवीत असताना गालिच्याखाली घालावयाच्या चिकट फेसाळ थराचा तुकडा त्यांना सापडला, आणि त्यावर पाय रोवून उभे राहता येते असे आढळले. म्हणजे जे द्रव्य गालिच्याचे अस्तर होते तेच आता बैठक झाले. या नव्या बैठकीचेही जुने दुखणे सुटले नाही: नैसर्गिक रबर उन्हाने कडक होऊन तडकते, घामाने मळते, आणि ओले असताना बंद रेक्झिनच्या पिशवीत कोंडले तर कुबट वास धरते. म्हणून जाणते अभ्यासक सुती, वारा खेळेल अशी गवसणी पसंत करतात. म्हैसूरला पट्टाभि जोइस यांच्या शाळेत अभ्यास करणारे मॅटवर सुती जमखाना अंथरीत, घाम टिपला जाई, आणि जमखाना रोज धुतला जाई. शांकरभाष्यातील क्रम येथे कोणी न सांगता पुन्हा मांडला गेला.

२१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकाच वेळी योगाभ्यास केला. त्या दिवसानंतर गावोगावी मॅट पोचली, आणि पाठोपाठ तिच्या पिशव्या शिवणाऱ्या बायकांचे बचतगटही उभे राहिले. खणाच्या, इरकलीच्या, जुन्या चादरीच्या या पिशव्यांतील कित्येक सुबक असतात. आता एवढेच व्हावे की आपल्या संग्रहालयांत जेथे पगड्या व तलवारी मांडल्या आहेत, तेथे एखाद्या कपाटात बनातीची गोमुखी, धाबळी, पोथीचे बासन, घोंगडी आणि दर्भासन यांनाही जागा मिळावी, आणि खड्ड्याच्या मागावर बसणारे जे संगर आज उरले आहेत त्यांच्याकडून विणीची, खळीची व घडीची माहिती ते हयात असतानाच कोणीतरी लिहून घ्यावी.