विटांची मशीद, पाऱ्याचं तळं

इ.स. 868. तुम्ही नाईलकाठच्या फुस्तात शहरात उभे आहात. अब्बासी खलिफाच्या सुभेदाराचा नायब म्हणून अहमद इब्न तुलुन आज येतो आहे. तुर्की गुलाम सैनिकाचा हा मुलगा, अब्बासी राजधानी समाराच्या छावणीत वाढलेला. इजिप्तचा वसूल आजवर खलिफाकडे वाहत गेला. अहमद महसूल अधिकारी इब्न अल-मुदब्बिरला दूर करील, आणि नाईलच्या गाळातून उगवलेला पैसा नाईलकाठीच राहू लागेल.

आता 880. फुस्तातला लागूनच अल-कताई ही नवी राजधानी उभी आहे. नावाचा अर्थच 'वाटून दिलेल्या जागा'. रुग्णालयात डोकावा. रोग्याचे कपडे आणि पैसे जपून ठेवलेले. तो कोंबडी आणि रोटी खाऊ लागला की बरा झाला, असं मानून घरी सोडतात. पलीकडे वर्षापूर्वी पुरी झालेली मशीद. खांबाला हात लावा: दगड नव्हे, भाजलेल्या विटा, वर गिलावा, त्यात समाराची वेलबुट्टी. खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, खलिफाचं नाव घुमतं. मुठीतला दिनार मात्र उलटसुलट करून वाचा; त्यावर खलिफाच्या जोडीला अहमदचंही नाव आहे. स्वातंत्र्य इतकंच, पण ते सोन्यावर कोरलेलं.

884 मध्ये अहमद गेला. मुलगा खुमारवय्हच्या बागेत हळूच पाऊल टाका. झाडांच्या बुंध्यांना सोनेरी मुलामा आहे. अमीराला झोप येत नाही, म्हणून पाऱ्याचं तळं केलं आहे. त्यावर हवा भरलेली चामडी गादी डुलते, उशाशी सिंह पहारा देतो. मुलगी कत्र अल-नदा खलिफा अल-मुतदिदला दिली, आणि त्या थाटामाटात खजिना आटला. 896 मध्ये दमास्कसला खुमारवय्हला त्याच्याच सेवकांनी मारलं. सिंह तेव्हा इजिप्तमध्ये होता.

जानेवारी 905. रिकाम्या तिजोरीवर फौज टिकत नाही, वारस एकमेकांच्या जिवावर उठलेले. खलिफाचा सेनापती मुहम्मद इब्न सुलेमान शहरात शिरतो. लूट, आग, पाडापाड. सदतीस वर्षांचं राज्य धुळीत मिसळतं. पुढे लोक महालाच्या ढिगाऱ्यात भेगा उकरून पारा गोळा करत, असं जुने इतिहासकार लिहितात.

मशिदीला मात्र कुणी हात लावला नाही. ती राजाची नव्हती, नमाजाला येणाऱ्या प्रत्येकाची होती. तोच खांब पुन्हा शोधा. तुमच्या शेजारी कुणीतरी चपला काढून आत निघालं आहे.