मशिदीच्या अंगणातली तालीम

शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे. तरी आठवीच्या एका पोराच्या दप्तरात तो सापडला. पडद्यावर चिनी सिनेमाचा तुकडा चालू होता आणि मागच्या बाकावरची चार डोकी त्यात घुसली होती. मी मोबाइल जप्त केला. पोरगं रडलं नाही, उलट त्यानं मलाच विचारलं, "सर, अमरावतीला कुंग फूचा क्लास आहे. मला लावायचा आहे. पण अब्बा म्हणतात, ते बुद्धाच्या मंदिरातलं आहे, आपल्यात चालत नाही. खरं हाये का?"

त्याला म्हटलं, उद्या वडिलांना घेऊन ये, मोबाइल त्यांच्याच हाती देईन आणि उत्तरही त्यांच्यासमोरच देईन. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मौलवी नाही, भाषेचा शिक्षक आहे. काय चालतं आणि काय नाही याचा फतवा देणं माझं काम नव्हे. पण 'ते आपलं नाही' हे वाक्य इतिहासाच्या तासाला टिकतं का, एवढं तरी तपासता येतं. त्या रात्री वाचायला बसलो आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

कुंग फू म्हटलं की आपल्याला शाओलिन आठवतं. सिनेमाचा तो परिणाम आहे. शाओलिन हा बौद्ध मठ आहे आणि त्याची परंपरा मोठी आहे, यात वाद नाही. पण चीनच्या युद्धकलांचं घर एकच नाही. त्यातला एक भरभक्कम वाडा मुसलमानांचा आहे. चीनमध्ये इस्लाम तांग राजवटीच्या काळापासून आहे, अरब आणि इराणी व्यापाऱ्यांबरोबर आलेला. त्यांचे आजचे वारस म्हणजे हुई लोक. हे चिनीच बोलतात, चिनी लिपीतच लिहितात आणि नमाजेत अरबी पढतात. आपण वऱ्हाडात मराठी बोलून मुसलमान आहोत, तसेच ते.

उत्तर चीनच्या हबेई प्रांतात त्सांगझोऊ नावाचं शहर आहे. मोठा कालवा या शहरातून जातो, म्हणून माल आणि माणसांची तिथे कायम ये-जा. माल लुटला जाऊ नये म्हणून काफिल्यासोबत राखणदार देण्याचा धंदा तिथे वाढला. या राखणदारांत हुई लोक खूप होते, कारण व्यापार, गुरं-मेंढ्या आणि वाटेवरचा प्रवास हा त्यांचा पिढीजात पेशा होता. रस्त्यावर राहणाऱ्याला स्वतःचं रक्षण करता यावं लागतं. शिकण्याची जागा बहुतेक वेळा मशिदीचं अंगण. नमाज झाली की तिथेच सराव.

हुई लोकांच्या कलेत दोन नावं सतत येतात, चाच्युआन आणि तानतुई. चाच्युआन म्हणजे 'चा' यांची मुष्टी. परंपरा अशी सांगते की मिंग राजवटीत पश्चिमेकडून आलेला चा आडनावाचा एक मुसलमान योद्धा आजारी पडून शानडोंग प्रांतातल्या एका गावात थांबला. गावकऱ्यांनी त्याची सेवा केली. बरा झाल्यावर त्यानं उपकार फेडले ते आपली कला शिकवून. तानतुई म्हणजे उसळती लाथ. चाच्युआन शिकणाऱ्याचा पाया बहुधा तानतुईनंच घातला जातो.

इथे मी वाचता वाचता थांबलो. आज हुई परंपरेत तानतुईचे १० मार्ग शिकवतात. पण परंपरा म्हणते की मुळात ते २८ होते, अरबी वर्णमालेच्या २८ अक्षरांइतके. अलिफपासून येपर्यंत एकेका अक्षराला एकेक मार्ग. मी वीस वर्षं पोरांना अलिफ, बे गिरवायला लावतो आहे. दूर चीनमध्ये कुणी तरी तेच हरफ पायांनी गिरवत होतं, ही कल्पनाच मला नवी होती. आख्यायिका म्हणून सोडून दिली तरी ती कुणी रचली असेल हे उघड आहे. ज्याच्या लेखी शिकण्याची सुरुवात अलिफपासूनच होते, त्यानं.

आता हा 'मार्ग' म्हणजे काय ते सांगतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. अंगणाच्या एका टोकाला उभं राहायचं. एक पाय पुढे वाकवून, मागचा ताणून पक्की बैठक घ्यायची. पुढचा हात वरून खाली चाकासारखा येतो, लगेच सरळ ठोसा, मग मागचा पाय गुडघ्यातून झटक्यानं सुटतो आणि त्याच क्षणी हातही समोर जातो. पाय खाली टेकला की तेच दुसऱ्या बाजूनं. असं अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. एका मार्गात एकच छोटी गोष्ट असते, पण ती शेकडो वेळा घोटायची.

बघणाऱ्याला ही कवायत वाटेल. पण प्रत्येक हालचालीला काम आहे. वरून येणारा हात समोरच्याचा वार बाजूला झटकतो. ठोसा तोंडाच्या दिशेनं जातो, म्हणून समोरच्याची नजर वर अडकते. तेवढ्यात लाथ खाली नडगीवर बसते. सिनेमातल्यासारखी ती डोक्यापर्यंत जात नाही, कमरेइतकी किंवा त्याहून खाली राहते. पाय जितका खाली, तितका तोल पक्का आणि तितकी समोरच्याला चाहूल कमी. शिकण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आधी एकट्यानं मार्ग, मग त्यातला एकेक तुकडा सोडवून जोडीदाराबरोबर, मग जोडीची बांधलेली लढत आणि शेवटी मोकळी लढत.

आपल्या पोरांना हे समजावणं सोपं आहे. मदरशात पोरगं आधी नाझरा शिकतं. हरफ, मखरज, तजवीद जिभेवर बसते. अर्थ पुढे तर्जुमा आणि तफसीर शिकताना येतो. नाझऱ्याशिवाय तर्जुमा लंगडा. पण वस्तीत अर्थ सांगणारा एकही उरला नाही तर केवळ पठण किती पिढ्या पुरेल? युद्धकलेचंही तसंच. मार्ग म्हणजे पाठ. तो वार कशासाठी, हे सांगणारा वस्ताद गेला की पाठ उरतो आणि अर्थ जातो.

हे मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या बोटांवर शिकलो. लहानपणी चांदूरला मोहर्रमच्या आखाड्यात आम्ही लाठी फिरवायचो. तमाचा, बाहेरा, शिर अशी वारांची नावं पाठ होती. मिरवणुकीत लाठी भिंगरीसारखी फिरली की लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. आमचे वस्ताद स्टेशनवर टांगा चालवायचे. एकदा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "हाथ तो खूब फिराता है, मार किधर है?" त्यांनी दुसरी लाठी घेतली आणि सावकाश माझ्या डोक्याकडे आणली. मी पाठ केलेला हात फिरवला. त्यांची लाठी त्यातून सरळ आत आली आणि माझ्या बोटांवर बसली. दोन दिवस पेन धरता आलं नाही. तमाचा गालावर जातो, शिर माथ्यावर जातं आणि वार अडवताना मूठ कुठे असावी, हे त्या दिवशी कळलं. वस्ताद पुढच्या काही वर्षांत अल्लाहला प्यारे झाले. मला आज अकरा हात येतात. त्यातल्या चारांचा अर्थ येतो.

चीनला हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडला. १९२८ साली नानजिंगमध्ये राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली आणि त्याच वर्षी देशभरच्या पैलवानांची परीक्षा झाली. तिच्यात मोकळ्या लढतीही होत्या. इतके लोक जखमी झाले की शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. पुढे १९५० नंतर सरकारनं स्पर्धेसाठी ठरावीक आकृतिबंध बसवले. त्यात चाच्युआनमधलं बरंच काही घेतलं, पण मोकळी लढत बाजूला ठेवली. ती परत आली १९७९च्या सुमारास, 'सांडा' या वेगळ्या नावानं. आज वुशूच्या स्पर्धेत आकृतिबंध करणारा वेगळा आणि लढणारा वेगळा असतो. जुना वस्ताद या दोघांना एकच विद्यार्थी समजत असे.

त्या नानजिंगच्या संस्थेत शाओलिन विभागाचे प्रमुख कोण होते? वांग झिपिंग, त्सांगझोऊचे हुई मुसलमान, जन्म १८८१. म्हणजे शाओलिनच्या नावाचा विभाग एक मुसलमान सांभाळत होता. ते चाच्युआनचे उस्ताद होते आणि हाडं बसवण्यातही त्यांचं नाव होतं. मुलगी वांग जुरोंग हिलाही त्यांनी सगळं शिकवलं आणि पुढे ती स्वतः नामवंत शिक्षिका झाली. १९६० साली पंतप्रधान झाऊ एनलाय यांच्याबरोबर जे वुशू पथक ब्रह्मदेशाला गेलं, त्याचे प्रशिक्षक वांगच होते. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं.

हाडं बसवण्यावरून मला बडोदा आठवलं. गायकवाडांच्या बडोद्यात प्रा. माणिकराव म्हणून मोठे मराठी व्यायामाचार्य होऊन गेले. लाठी-लेझीम, देशी भाषेतल्या आज्ञांवर चालणारा संघव्यायाम आणि निखळलेली हाडं बसवणं, तिन्हींत त्यांचा दबदबा. त्यांचे गुरू जुम्मादादा, मुसलमान. बडोद्याच्या त्या संस्थेचं नाव आजही श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर असंच आहे.

मी शिकलो मराठी शाळेत. तिथे मल्लखांबाची गोष्ट सांगत. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याला आले, त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबावर कसून ते पेललं, अशी ती आख्यायिका. गोष्ट संपली की वर्गातल्या दोन-चार नजरा माझ्याकडे वळायच्या, जणू अली माझा मामा आणि गुलाब चाचा. बाळंभटदादांचं कौतुक मलाही आहे, कला त्यांनी मोठीच दिली. पण जुम्मादादांचं नाव मला कुणी सांगितलं नाही. ते मी बी.एड. झाल्यावर, तिशी उलटल्यावर वाचलं. आव्हान देऊन हरलेला मुसलमान शाळेत भेटतो आणि शिकवणारा मुसलमान भेटत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. वास्तविक आपली भाषाच त्याची साक्ष देते. तालीम, वस्ताद, पैलवान, कुस्ती, कसरत, जंबिया. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारच्या आखाड्यांनी विटाळ न मानता जपले. तेव्हा उपकार एकतर्फी नाहीत.

आणि आता आपल्या अमरावतीकडे येतो. वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्यापैकी कुणाला माहीत नाही? ऑगस्ट १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिक भरलं. ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं, तेच. त्या वेळी या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि आपले देशी खेळ, कबड्डीसकट, जगाला दाखवून आलं. त्याच ऑलिम्पिकला चीननंही युद्धकलेचं ९ जणांचं पथक पाठवलं होतं, सहा पुरुष आणि तीन स्त्रिया. त्यांत २१ वर्षांचा झांग वेनग्वांग होता, हुई मुसलमान आणि चाच्युआनचा पटाईत. पुढे त्यानं बीजिंगच्या क्रीडा विद्यापीठात पिढ्या घडवल्या आणि २०१० साली त्याचं निधन झालं. एका शहरात, एकाच उन्हाळ्यात, वऱ्हाडातली लाठी आणि मशिदीच्या अंगणातली लाथ. दोघांनाही एकच गोष्ट जगाला पटवून द्यायची होती. आमच्याकडे शरीराची विद्या जुनी आहे, आम्ही ती कुणाकडून उसनी आणलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पोराचे वडील आले. हमालीचं काम करणारा साधा माणूस. मोबाइल त्यांच्या हाती दिला आणि वरचं सगळं थोडक्यात सांगितलं. मशिदीचं अंगण, २८ हरफ, शाओलिन विभागाचा मुसलमान प्रमुख. सलामीची शंका त्यांना होतीच. त्यांना उभं राहून दाखवलं. उजवी मूठ डाव्या तळव्याला लावायची, पाठ ताठ, नजर समोर. ही वुशूची सलामी. कुणापुढे डोकं टेकावं लागत नाही. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ते ठीक हाये सर. पण त्यानं खरंच लढता येते का, का नुसतं नाचणं हाये? पैसे लागतात ना."

वीस वर्षांत पालकानं विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न असावा. मी म्हटलं, क्लासला एकदा स्वतः जा. शिकवणाऱ्याला कुठलाही एक हात करून दाखवायला सांगा आणि विचारा, हा कशासाठी? त्यानं जोडीदार समोर उभा करून सावकाश, न दुखावता दाखवलं तर पैसे भरा. तो म्हणाला की विचारू नका, नुसतं करा, तर बसभाडं गेलं असं समजून परत या.

पोरगा आता रविवारी अमरावतीला जातो. सोमवारी मधल्या सुट्टीत मला पकडून शिकलेलं दाखवतो, आणि मी त्याला तोच प्रश्न विचारतो. कधी त्याला उत्तर येतं, कधी तो पुढच्या रविवारी विचारून येतो. त्याच्या बदल्यात मी त्याला लाठीचे माझे चार हात शिकवले. उरलेले सातही शिकवतो आहे. त्यांचा अर्थ मला येत नाही हे त्याला आधीच सांगून ठेवलं आहे. गावात, मोहल्ल्यात, कुणाच्या दादा-नानांना ते आठवत असतील तर ते विचारायचं काम त्याच्याकडे दिलं आहे. तुमच्याही घरात असे कुणी असतील तर यंदाच्या मोहर्रमची वाट पाहू नका. आजच बसून विचारा.